घरच्या घरी फ्रेटबोर्डला गोलाई द्यायची आहे, कोणती हत्यारं घेऊ?

सहातारी, डोंबिवली

नमस्कार मंडळी. गिटारची डागडुजी मी बऱ्याच वर्षांपासून घरीच करते. नट (मानेच्या टोकाची, तारा टेकायची पट्टी) बदलणं, फ्रेट (बोर्डावरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) घासून पॉलिश करणं, पिकअप बदलणं, हे सगळं हातात बसलं आहे. आता नेक, म्हणजे गिटारची मान, स्वतः करायला घेतला आहे. टेलिकास्टर धाटणीचा, बोल्टने बसणारा, ६४८ मिमी स्केल (तारेची वाजणारी लांबी), २२ फ्रेट. नेक मेपलचा आहे आणि ट्रस रॉडची (नेकचा बाक जुळवायच्या आतल्या सळीची) खाच ओळखीच्या सुताराकडून मारून आणली आहे. फ्रेटबोर्डसाठी (नेकवर चिकटवायची, बोटं दाबायची फळी) वखारीत शिसवीची छान पट्टी मिळाली. ती रंधून दोन्ही अंगांनी सपाट झाली आहे, जाडी ६.५ मिमी. नटपाशी ४३ आणि शेवटच्या फ्रेटपाशी ५६ मिमी रुंदी ठेवायची आहे.

अडले आहे ते गोलाईपाशी, म्हणजे बोर्डाच्या वरच्या तोंडाला आडवा फुगीरपणा देण्यापाशी. माझ्यासमोर चार वाटा आहेत. एक, २० सेमी लांबीचा लाकडी सँडिंग ब्लॉक, आतून एकाच गोलाईत कोरलेला. दोन, तसाच पण ४५ सेमी लांब ॲल्युमिनियमचा, जो परदेशातून मागवावा लागेल आणि कस्टम्स धरून खूप महाग पडेल. तीन, राउटर (फिरत्या कटरचं विजेचं हत्यार) आणि त्यासाठी घरी बनवलेला जिग, म्हणजे काम धरून ठेवणारा साचा. चार, साधा रंधा.

आमचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर आहे. काम करायला बाल्कनी आणि एक घट्ट टेबल आहे. दुपारी दोन ते चार सोसायटीत आवाज चालत नाही, आणि घरात आजी आहे, तिला धुळीचा त्रास होतो.

गोलाई किती ठेवावी हेही ठरत नाहीये. आत्ता हातात आहे ती गिटार ९.५ इंचांची, म्हणजे तेवढ्या त्रिज्येच्या वर्तुळाच्या गोलाईची. ब्लूज वाजवते, तारा भरपूर खेचते आणि तारांची फ्रेटपासूनची उंची कमी लागते. ब्रिज (गिटारच्या अंगावरचा तारांचा आधार) सहा सुट्या सॅडलचा आहे, म्हणजे दर तारेला वेगळा टेकू आहे, प्रत्येकाची उंची वेगळी लावता येते.

एकदाच खर्च करायचा आहे. तुम्ही माझ्या जागी असता तर काय घेतलं असतं?

निळीगिटार, नाशिक

गोलाईबद्दल पटकन सांगतो. जुन्या फेंडरची ७.२५ इंच, आताच्या बहुतेक फेंडरची ९.५, पीआरएसची १०, गिब्सनची १२, मार्टिनच्या अकूस्टिकची १६. क्लासिकल गिटारचा बोर्ड बहुधा सपाट. आकडा जितका लहान तितका बोर्ड जास्त फुगीर. फुगीर बोर्डवर बार कॉर्ड हाताला सोपे जातात, पण वरच्या फ्रेटवर तार खेचली की ती पुढच्या फ्रेटला टेकून मरते. उंची कमी ठेवून तारा खेचायच्या असतील तर १२ घ्या.

तुमचा ब्रिज सुट्या सॅडलचा आहे म्हणून ही मोकळीक आहे. टून-ओ-मॅटिक जातीचा ब्रिज असता तर त्याची स्वतःची गोलाई १२ च्या आसपास असते आणि फ्लॉइड रोज जातीच्या ब्रिजची १०. तिथे ब्रिज बघूनच बोर्ड ठरवावा लागतो.

हत्यार म्हणाल तर २० सेमीचा ब्लॉक आणि ८० नंबरचा पेपर. बाकी कशाची गरज नाही असं मला वाटतं.

टूलरूम, चिंचवड

माझी नोकरी टूलरूममध्ये झाली, डाय आणि फिक्स्चरच्या कामात. निवृत्तीनंतर नेक बनवण्याकडे वळलो. त्यामुळे माझं उत्तर मोजमापाच्या अंगाने येईल आणि थोडं लांबेल.

सहातारी, तुमच्या चारही वाटा आडव्या गोलाईकडे बघणाऱ्या आहेत. मी तुमच्या जागी असतो तर पैसे उभ्या सरळपणावर घातले असते. का ते आकड्यांत दाखवतो.

गोलाईमुळे बोर्डाची कड मध्यापेक्षा किती खाली जाते ते काढायला रुंदीचा निम्मा घ्या, त्याचा वर्ग करा आणि त्रिज्येच्या दुपटीने भागा. आपल्या कामाला एवढा हिशेब पुरतो. तुमची शेवटच्या फ्रेटची रुंदी ५६, निम्मी २८, वर्ग ७८४. १२ इंच म्हणजे ३०४.८ मिमी, दुप्पट ६०९.६. कड १.२९ मिमी खाली जाते. ९.५ इंचाला हाच आकडा १.६२ येतो, ७.२५ ला २.१३ आणि १६ ला ०.९६. नटपाशी रुंदी कमी, म्हणून तिथे १२ इंचाला ०.७६ आणि ९.५ ला ०.९६.

म्हणजे ज्या ९.५ आणि १२ मध्ये तुम्ही अडकला आहात त्यांच्यात नटपाशी कडेला ०.२ मिमीचा फरक आहे. हाताने घासताना १२ ऐवजी ११.५ झाली, तर रुंद टोकाला कड जेमतेम ०.०६ मिमी जास्त उतरेल. बोटांना ते कळणार नाही, आणि फ्रेटची तारही (ज्यातून फ्रेट कापतात ती धातूची पट्टी) तेवढी जुळवून घेते.

आता लांबीच्या दिशेने बघा. तारांना हलायला जागा मिळावी म्हणून नेकला आपण मुद्दाम थोडा बाक ठेवतो. तो सातव्या-आठव्या फ्रेटपाशी ०.२ ते ०.२५ मिमी असतो. तिथेच घासण्यातून ०.१ मिमीचा उंचवटा राहिला तर त्याने निम्मा बाक खाल्ला. उंची कमी ठेवणाऱ्याला तो उंचवटा पहिल्याच दिवशी ऐकू येतो. मग तो काढायला फ्रेट घासावे लागतात, आणि फ्रेटची उंचीच मुळात मिलिमीटरभर. जे लाकडात करायचं ते लाकडातच केलेलं बरं.

म्हणून पहिली खरेदी सरळ धारेची पट्टी. ६० सेमीची स्टीलची चांगली पट्टी चालेल, पण दुकानातच पारखून घ्या. कागदावर पट्टी ठेवून अगदी टोकदार पेन्सिलीने रेघ ओढा. मग पट्टी उलटी करा, म्हणजे तीच धार रेघेच्या दुसऱ्या अंगाला येईल, आणि त्याच दोन टोकांतून पुन्हा रेघ ओढा. दोन्ही रेघा एकावर एक बसल्या तर धार सरळ. मध्ये फट दिसली तर पट्टीतला दोष त्या फटीच्या निम्मा. ही परीक्षा फुकट आहे आणि खोटं बोलत नाही. सोबत फीलर गेजचा संच घ्या. दुचाकीच्या स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतो, मेकॅनिक टॅपेट सेट करायला वापरतात तोच. त्यातलं ०.०५ मिमीचं पान तुमच्या फार कामाचं आहे. बोर्डावर पट्टी उभी धरा, मागून मोबाइलचा टॉर्च लावा. उजेड दिसेल तिथे पान सरकवून बघा.

दुसरी खरेदी काच. १२ मिमी जाडीची फ्लोट काच, साधारण ६० बाय १५ सेमी, कडा घासून घेतलेली. घरात परवडेल असा सपाटपणा तिच्याइतका कशातच नाही. ओट्याचा पॉलिश केलेला ग्रॅनाइट सपाट दिसतो, पण पट्टी लावून बघितल्याशिवाय त्याच्यावर भरवसा ठेवू नका. काच डुगडुगणाऱ्या टेबलावरही ठेवू नका, दाब दिला की तीही वाकते.

तिसरी वस्तू विकत घ्यायची नाही, बनवायची. स्लायडिंग खिडक्या करणाऱ्याकडे जा आणि ५० बाय २५ च्या आसपासचा, जाड भिंतीचा चौकोनी ॲल्युमिनियम सेक्शन मागा. ४५ ते ५० सेमीचा तुकडा त्यांच्याकडे उरलेल्यात सापडतो. काचेवर १२० चा पेपर चिकटवा, सेक्शनच्या एका तोंडावर मार्करने रेघोट्या मारा आणि ते तोंड पेपरवर घासा. सगळ्या रेघोट्या एकसारख्या गेल्या की ते तोंड सरळ झालं. मग त्याच तोंडाला दुहेरी चिकटपट्टीने पेपर लावा. परदेशातून मागवायच्या महागड्या लांब ब्लॉकचं निम्मं काम हा तुकडा करतो, आणि माझ्या मते महत्त्वाचं निम्मं.

उरला गोलाईचा ब्लॉक. तो २० सेमीचा लाकडी घ्या, १२ इंचाचा. नटपासून बाविसाव्या फ्रेटपर्यंत ४६६ मिमी अंतर आहे, म्हणजे ब्लॉक निम्म्या लांबीवरही बसत नाही. तो उंचवट्यावर चढतो आणि खड्ड्यात उतरतो, दोन्ही जसेच्या तसे ठेवतो. म्हणून त्याच्याकडून फक्त आकार घ्यायचा आणि सरळपणा सेक्शनकडून. निळीगिटार यांच्याशी माझा मतभेद एवढाच.

ब्लॉक चालवताना तो डावी-उजवीकडे फिरला तर गोलाई बिघडते. एमडीएफच्या फळीवर दोन सरळ पट्ट्या समांतर ठोका, मध्ये ब्लॉक अंगाबरोबर सरकेल एवढी जागा ठेवा, आणि बोर्डाची मध्यरेषा त्या गल्लीच्या बरोबर मध्यावर आणून बोर्ड चिकटपट्टीने बसवा. ब्लॉक टोकाबाहेर त्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त जाऊ देऊ नका, नाहीतर टोकं खाली पडतात. त्याहून चांगलं म्हणजे दोन्ही टोकांना त्याच जाडीचे टाकाऊ तुकडे लावा. पडायचं ते त्यांच्यावर पडेल. शिसवीवर पांढऱ्या पेन्सिलीच्या तिरप्या रेघा मारत राहा. त्या कुठे पुसल्या गेल्या आणि कुठे राहिल्या यावरून हात कुठे जड पडतोय ते कळतं.

गोलाई तपासायला नेमप्लेट करणाऱ्याकडून ३ मिमी ॲक्रिलिकचे गेज लेझरने कापून घ्या. ९.५, १० आणि १२ पुरेत. फाइल मी करून देईन.

सहातारी, डोंबिवली

काका, एवढं सविस्तर लिहिल्याबद्दल मनापासून आभार. पट्टी उलटी करून बघायची युक्ती घरातल्या पट्टीवर लगेच करून पाहिली. तिच्यात फट दिसते, म्हणजे ती बाद.

तीन गोष्टी अजून विचारते. शिसवी कठीण आहे, कडेचं १.३ मिमी लाकूड नुसत्या ८० च्या पेपरने काढायचं म्हणजे धूळच धूळ. आजीमुळे मला ती कमीत कमी हवी आहे. दुसरं, फ्रेटच्या खाचा गोलाईच्या आधी मारायच्या की नंतर? आणि तिसरं, काही जण नटकडे फुगीर आणि पुढे चपटी होत जाणारी गोलाई देतात. सरळ बीम (सेक्शनसारखा लांब, सपाट तोंडाचा दांडा) तारांच्या दिशेने फिरवला की ती आपोआप होते असं वाचलं. तसंच करू का?

पटाशी, सांगली

ताई, पहिल्या दोन प्रश्नांचं मी सांगतो. माझा पिढीजात धंदा सुतारकामाचा. गिटार वाजवत नाही, पण माझ्या पुतण्यासाठी नेक केले आहेत.

लाकूड पेपरने काढायचंच नाही. ते रंध्याचं काम. पेपर फक्त शेवटच्या केसाएवढ्या लाकडासाठी. रंध्याने ढलप्या निघतात, त्या केरसुणीने गोळा होतात. हवेत उडत नाहीत, नाकात जात नाहीत. आवाजही शेजारी जात नाही, दुपारी तीनलाही चालेल.

कसं करायचं ते सांगतो. बोर्डाच्या वरच्या तोंडावर मध्यरेषा आखा. दोन्ही बाजूंच्या कडेवर खाली किती उतरायचं त्याची रेघ मारा. काकांच्या हिशेबाने नटपाशी ०.७६ आणि शेवटी १.२९. तुम्ही ०.६ आणि १.१ वर थांबा, बाकीचं पेपरला ठेवा. आता रंधा थोडा तिरका धरून कडेकडेने एक लांब चपटी पट्टी काढा, दोन्ही अंगांना सारखी. मग ती पट्टी आणि मधला सपाट भाग यांच्यात जो कोपरा उभा राहतो तो उतरवा. पुन्हा उरलेले कोपरे उतरवा. मधल्या रेषेला शेवटपर्यंत हात लावायचा नाही. ती तुमची उंची आहे, ती गेली की मोजायला काही उरत नाही.

रंध्याचं पातं मात्र अशी धार पाहिजे की हातावरचा केस उडेल, आणि ते बाहेर अगदी कमी काढायचं. शिसवीच्या रेषा एका दिशेने जात नाहीत. एका पट्टीत सरळ, दुसरीत उलट्या. उलट्या गेलात तर रेषा उचकटतात, आणि ते खड्डे ०.३ मिमीसुद्धा खोल जातात. उचकटायला लागलं की दिशा बदला. तरी ऐकत नसेल तर रंधा खाली ठेवा आणि स्टीलचा स्क्रॅपर घ्या, पत्र्याचा चौकोनी तुकडा असतो तो. त्याची कड कानशीने सरळ करून, तेलाच्या दगडावर घासून, मग कठीण पोलादी दांड्याने कड वळवली की तो उलट्या रेषेवरही पातळ साल काढतो. स्क्रॅपर स्वस्त आहे आणि ताई, तुमच्या कामाला तो ब्लॉकपेक्षा जास्त उपयोगी पडेल असं माझं मत.

खाचांचं असं. बोर्ड सपाट आणि चौकोनी असतानाच मारा. गुण्या लावायला सरळ कड मिळते आणि करवत उभी राहते. गोलाई दिल्यावर गुण्या डुलतो. निमुळता आकारसुद्धा खाचा झाल्यावरच द्या. पण खाच सपाट तळाची असते आणि गोलाई कडेचं लाकूड नेते, म्हणून कडेला खाच उथळ पडते. ३ मिमी खोल मारली तर रुंद टोकाला कडेला १.७ उरेल. फ्रेटच्या दांड्याला, म्हणजे खाचेत शिरणाऱ्या त्याच्या खालच्या भागाला, तेवढी पुरते का ते तुमच्या फ्रेटच्या तारेवर मोजून घ्या. कमी वाटली तर गोलाई झाल्यावर त्याच खाचेत करवत घालून कडेकडे थोडी उतरवा. खाच बनलेली असली की करवत तिची वाट सोडत नाही. करवत फ्रेटची म्हणूनच मिळते ती घ्या, कापाची रुंदी ०.६ मिमीच्या आत असते. साधी घेतली तर खाच ढिली होते. आणि पेपर फिरवताना खाचेत भुसा दाबून बसतो, तो दर थोड्या वेळाने जुन्या ब्लेडने उकरून काढा.

एक लाकडाचं. शिसवी म्हणून वखारीत दोन वेगळी लाकडं मिळतात. डाल्बर्जिया लॅटिफोलिया, म्हणजे गिटारवाले जिला इंडियन रोजवूड म्हणतात ती, जांभळट तपकिरी, जड. दुसरं उत्तरेकडचं शीशम, डाल्बर्जिया सिसू, सोनेरी तपकिरी, मोठमोठ्या लाटांचं. तेही वाईट नाही, पण रेषा जास्त वाकड्या. कुठलंही असो, टोकाकडून बघितल्यावर वर्षांच्या रेघा उभ्या दिसल्या तर पट्टी कमी वाकते. पावसाळ्यात डोंबिवलीची हवा दमट, तेव्हा पट्टी घरात आणून दोन्ही बाजूंनी हवा लागेल अशी काही आठवडे राहू द्या आणि मग हात लावा. वखारीची पावती जपून ठेवा.

आणि शिसवीची धूळ काही जणांना बाधते, अंगावर पुरळ येतं, दम लागतो. आजी घरात नसल्या तरी तुम्ही स्वतः एन ९५ मास्क लावा. पेपर फिरवताना बाल्कनीचं दार बंद, आणि नंतर झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. कोरडं झाडलं की बसलेली धूळ परत उठते.

गॅरेजवाला, लेस्टर

राउटरची बाजू कोणीतरी मांडायला हवी म्हणून लिहितो. माझ्याकडे जिग आहे. बोर्ड एका पाळण्यावर बसतो, पाळण्याचा आस बोर्डाच्या खाली असतो, आणि वरून राउटर दोन सरळ रुळांवर लांबीच्या दिशेने धावतो. एक फेरी झाली की पाळणा किंचित कलवायचा. आसापासून कटरच्या टोकापर्यंतचं अंतर म्हणजेच गोलाई. १२ इंच हवी तर ३०४.८ मिमी. आस एका टोकाला वर-खाली केला की गोलाई बदलत जाणारा बोर्डही यातून निघतो. रंध्याने ते एवढं नेमकं करणं अवघड आहे.

पण खरं सांगायचं तर एका नेकसाठी हे करू नका. आसात जराही ढिलाई असली की बोर्डावर पायऱ्या उमटतात. एका वेळी अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त घेतलं तर शिसवीचा टवका उडतो. सपाट तळाच्या कटरने पट्ट्या-पट्ट्या राहतात, त्या घालवायला शेवटी ब्लॉक आणि पेपर लागतोच. आणि आवाज, धूळ! माझं गॅरेज घरापासून सुटं आहे, म्हणून निभतं. फ्लॅटच्या बाल्कनीत, खाली-वर बिऱ्हाडं असताना, मी स्वतः राउटर लावणार नाही. वर्षाला चार-पाच नेक करायचे ठरले तर जिगचा विचार करा.

थ्रीडी प्रिंट केलेल्या ब्लॉकबद्दल कोणी सुचवायच्या आधी सांगतो. चालतो, पण घरगुती प्रिंटरवर २० सेमीच्या आसपासच निघतो आणि गार होताना टोकं उचलली जातात. छापून झाल्यावर तोही काकांच्या सरळ पट्टीखाली धरून बघायचा.

टूलरूम, चिंचवड

पटाशी यांनी रंधा आणि स्क्रॅपरचं लिहिलं ते मला पूर्ण मान्य. माझ्या यादीत स्क्रॅपर नव्हता, तो हवाच.

आता बदलत्या गोलाईचा तिसरा प्रश्न. यात एक गैरसमज फार पसरला आहे, म्हणून जरा थांबून लिहितो.

गिटारच्या तारा समांतर नसतात, नटकडून ब्रिजकडे फाकत जातात. एकाच गोलाईचा बोर्ड हा नळकांड्याचा तुकडा असतो. नळकांड्यावर तिरकी रेघ ओढली तर ती अगदी सरळ नसते, मध्ये किंचित फुगते. बदलत्या गोलाईचा बोर्ड शंकूचा तुकडा असतो. चणेवाल्याची कागदाची पुडी घ्या आणि तोंडापासून टोकापर्यंत पट्टी ठेवा, कुठूनही ठेवली तरी ती पूर्ण टेकते. तारा तशाच टोकाकडे जुळत जातात, म्हणून शंकू त्यांना तंतोतंत बसतो. इथपर्यंत बरोबर आहे.

पण नळकांड्यावरचा तो फुगवटा किती, ते मोजून बघा. तुमची बाहेरची तार नटपाशी मध्यापासून सुमारे १७.५ मिमीवर असेल आणि शेवटच्या फ्रेटपाशी सुमारे २३.५ वर. फरक ६, त्याचा वर्ग ३६, भागिले त्रिज्येची आठपट. १२ इंचाला उत्तर येतं ०.०१५ मिमी. छपाईचा साधा कागद ०.१ मिमीच्या आसपास जाड असतो. म्हणजे कागदाच्या सातव्या हिश्शाएवढी ही गोष्ट आहे, आणि तीही फक्त कडेच्या तारांखाली. एवढ्यासाठी शंकूच्या मागे लागायचं कारण नाही.

यातूनच दुसरी गोष्ट निघते. १२ च्या नळकांड्यावर सरळ बीम तारांच्या दिशेने फिरवला तर तो तेवढंच ०.०१५ मिमी नेणार. बोर्ड त्यातून आपोआप शंकू होणार नाही. नटपाशी ९.५ ठेवून खरा शंकू करायचा तर ५६ मिमीच्या टोकाला गोलाई सुमारे १२.४ इंच यायला हवी आणि कड १.२५ मिमी उतरायला हवी. ९.५ च्या नळकांड्यात ती १.६२ उतरलेली असते. हा ०.३७ मिमीचा फरक बोर्डाच्या मध्यातून मुद्दाम काढावा लागतो. नटकडे ९.५ चा ब्लॉक, शेवटाकडे १२ चा, आणि मधलं बीमने जुळवायचं. करता येतं, सुंदर होतं, पण ब्लॉक दोन लागतात आणि उंचीची मध्यरेषा हातातून जाते.

शंकूचा खरा फायदा तारा खेचण्यात आहे. नटकडे कॉर्डला फुगीर, वर सोलोला चपटा. तुम्हाला वर १२ हवीच आहे. नटपाशी ९.५ आणि १२ मधला फरक आपण काढला, कडेला ०.२ मिमी. तेवढ्यासाठी हा नेक अवघड करू नका. सगळा १२ चा करा.

सहातारी, डोंबिवली

ठरलं मग. १२ इंच, एकच गोलाई. पट्टी, फीलर गेज, काच, खिडकीवाल्याकडचा सेक्शन, एक स्क्रॅपर, २० सेमीचा ब्लॉक, आणि आहे त्याच रंध्याला नीट धार. लांब ॲल्युमिनियमचा ब्लॉक आणि राउटर दोन्ही रद्द. पटाशीदादा, स्क्रॅपरची कड वळवण्याचा फोटो जमला तर टाका. काका, गेजच्या फाइलची वाट बघते.

शेवटचं एक. हे सगळं बोर्ड सुटा असताना करायचं की नेकला चिकटवल्यावर?

टूलरूम, चिंचवड

दोन टप्प्यांत. रंधा, स्क्रॅपर आणि ब्लॉक सुट्या बोर्डावर, १२० च्या पेपरपर्यंत. सुटा असताना तो काचेवर सपाट बसतो आणि उलटसुलट फिरवता येतो. मग चिकटवा. आपला नेहमीचा लाकडाचा गोंद पाण्याचा असतो, त्याने दोन्ही लाकडं थोडी हलतात, म्हणून लगेच पुढे जाऊ नका. क्लॅम्प काढल्यावर काही दिवस नेक तसाच राहू द्या.

त्यानंतर ट्रस रॉड फिरवून, पट्टी लावून, बोर्ड शक्य तितका सरळ आणा. पांढऱ्या पेन्सिलीच्या रेघा मारा आणि फक्त सेक्शन चालवा, १८० च्या पेपरने, प्रत्येक तारेच्या दिशेने थोडं थोडं, कडेपासून कडेपर्यंत. इथे ब्लॉक पुन्हा फार दाबू नका, शेवटी २२० आणि ३२० ला हलका फिरवला तर चालेल. मध्यावर, दोन्ही कडांवर आणि त्यांच्या मधल्या दोन ओळींवर ०.०५ चं पान कुठेच जात नाही असं झालं की थांबा.

खाचांची खोली त्याच वेळी पुन्हा मोजा, दोन्ही कडांना. फ्रेटचा दांडा खाचेत पाचरीसारखा शिरतो आणि बावीस पाचरी मिळून नेकला मागे वाकवतात, म्हणून खाच घट्ट हवी पण ठोकून भरायला लागेल इतकी नको. फ्रेटची तार बोर्डापेक्षा जास्त वाकवून घ्या, १२ च्या बोर्डाला साधारण १० ची, म्हणजे ठोकल्यावर तिची टोकं उचलली जात नाहीत. गेजची फाइल आज रात्री इथेच जोडतो. ॲक्रिलिकवाल्याला सांगा, आकार मिलिमीटरमध्येच आहेत, मोठे-लहान करू नका. आणि कापून आलं की १२ चा गेज कागदावर ठेवून कंस आखा, केंद्रापासून ३०४.८ मोजून पडताळा, मगच लाकडाला लावा.